आजीच्या स्मरणाचं बंगाली जेवण आणि शुक्तोतली हळद

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत आजीच्या स्मरणार्थ घरी बंगाली पद्धतीचं जेवण कसं करावं, यावर लेख आला होता. पितृपक्ष तोंडावर असताना हा विषय घेतला, हे बरं झालं. पण शुक्तोत, म्हणजे कारलं घातलेल्या दुधाळ मिश्र भाजीत, हळद आणि लाल तिखट, धोकार डालन्याला, म्हणजे डाळीच्या वड्यांच्या रश्शाला, कांदा-टोमॅटोचं वाटण, आणि पहिल्या घासापासून शेवटच्या पायेशापर्यंतचे, म्हणजे तांदळाच्या खिरीपर्यंतचे, आठही पदार्थ एकाच ताटात गोल मांडलेले, हे छायाचित्रात कितीही देखणं दिसलं तरी बंगाली घरातल्या कुठल्याही आजीला ते आपलं वाटलं नसतं. कोणी त्या कृतीवरून खरोखर स्वयंपाक करायला बसण्याआधी काही गोष्टी दुरुस्त व्हाव्यात म्हणून हे पत्र. लांबलं आहे, पण स्वयंपाकाच्या दुरुस्त्या दोन ओळींत होत नाहीत.

सर्वांत मोठी गल्लत मेनूतच आहे. बंगाली जेवण म्हणजे मासे, म्हणून आजीच्या स्मरणालाही मासे, असं लेखात गृहीत धरलं आहे. प्रत्यक्षात मागच्या पिढ्यांतल्या हिंदू बंगाली घरांत, विशेषतः ब्राह्मण, कायस्थ, वैद्य कुटुंबांत, आजीचं निम्मं आयुष्य वैधव्यात गेलेलं असायचं आणि विधवेच्या ताटात मासा येत नसे. मांस, अंडं, कांदा, लसूण तर नाहीच, मसूर डाळसुद्धा आमिष धरली जाई. तांदूळ उकडा चालत नसे, आतपच लागे, म्हणजे न उकडता उन्हात वाळवलेल्या भाताचा. शिजवलेलं अन्न दिवसातून एकदा, एकादशीला निर्जळी, आणि आषाढातल्या अंबुबाचीच्या तीन दिवसांत चुलीवर शिजवलेलं काहीच नाही, फक्त फळं आणि भिजवलेली डाळ. ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या खटपटीमुळे 1856 साली विधवाविवाहाचा कायदा झाला, पण ताटावरचे नियम त्यानंतरही कित्येक दशकं तसेच राहिले. याच बायकांनी केळफूल, केळीचा गाभा, कच्चा फणस, भोपळ्याची फुलं, दुधीची सालं असल्या जिनसांतून कांदा-लसणाशिवायचा एक संपूर्ण स्वयंपाक उभा केला. बंगालीत निरामिष म्हणतात ते हे. आपल्या ‘शाकाहारी’पेक्षा हा शब्द अरुंद आहे, कारण कांदा पडला की पदार्थ निरामिष राहिला नाही. (गंमत अशी की कालीपूजेला नैवेद्याचं बोकडाचं मटण कांदा-लसणाशिवाय केलं की त्याला ‘निरामिष मांस’ म्हणतात. तर्क शोधू नये.)

म्हणून मेनू ठरवण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. आजी कोणती, ठाकुमा की दिदा? ठाकुमा म्हणजे वडिलांची आई, दिदा किंवा दिदिमा म्हणजे आईची आई, आणि दोघींची स्वयंपाकघरं वेगळी असतात. दुसरा प्रश्न, तिचं मूळ गाव पद्मा नदीच्या अलीकडचं, म्हणजे पश्चिमेकडचं, की पलीकडचं? पश्चिमेकडच्या घोटी घरात जवळजवळ प्रत्येक भाजीत चिमूटभर साखर पडते. बांकुडा-बीरभूमकडे खसखशीशिवाय पान हलत नाही. फाळणीत पूर्वेकडून आलेल्या बांगाल घरात हिरवी मिरची आणि मोहरी जास्त, साखर कमी. घोटी आजीच्या नावाने तिखटजाळ रस्सा केला तर जेवणारे मुकाट्याने जेवतील, पण घरी जाताना बोलतील.

प्रसंग कोणता, यावरही बरंच अवलंबून आहे. मृत्यूनंतर अशौचाच्या दिवसांत घरचे हबिष्यान्न खातात, म्हणजे आतप तांदूळ, तूप, सैंधव, उकडलेलं कच्चं केळं. मग श्राद्ध. आणि श्राद्धानंतरच्या दिवशी ‘नियमभंग’ किंवा ‘मत्स्यमुखी’, ज्या दिवशी घरात पुन्हा मासा शिजतो आणि नातेवाइकांना जेवायला बोलावतात. मासा तेव्हा हवाच, जेवणाचं नावच त्याच्यावरून पडलं आहे. मात्र दरवर्षीच्या तिथीला किंवा महालयाच्या सुमाराला जे घरगुती स्मरणाचं जेवण होतं, त्यात प्रत्येक घराची रीत निराळी. तिथे आमचं मत स्पष्ट आहे: आजीला स्वतःला जे खाता येत होतं ते आधी शिजवावं. तिने दुसऱ्यांसाठी रांधलेला मासा नंतर, वेगळ्या कढईत.

तिथी मेनूला ऋतूही ठरवून देते. माघात तिथी असेल तर खजुराचा नोलेन गूळ आणि फ्लॉवर-मटार, चैत्रात कडुनिंबाची कोवळी पानं, शेवग्याची फुलं, कच्चा फणस, जेष्ठात कैरी घातलेली डाळ, श्रावणात अळूची पानं आणि हिलसा. ऑगस्टमध्ये ‘नोलेन गुळाचा पायेश’ करायला सांगणारी कृती वाचली की लिहिणाऱ्याने बंगाली स्वयंपाक दुकानातल्या फळीवरून शिकला, हे कळतं. तो रस फक्त थंडीतच उतरतो.

आता वाढण्याबद्दल. बंगाली जेवण एकामागून एक येतं. समोर काशाचं ताट किंवा केळीचं पान, वरच्या कोपऱ्यात मीठ, लिंबाची फोड, हिरवी मिरची आणि मधोमध भात. आधी कडू, म्हणजे शुक्तो. ते संपलं की डाळ आणि सोबत तळणीचं काहीतरी, वांग्याच्या किंवा परवलाच्या चकत्या. मग घोंटो, म्हणजे घोटलेली भाजी, मग डालना, म्हणजे रस्साभाजी, मासा असलाच तर त्यानंतर, मग गोड चटणी आणि पापड, आणि शेवटी पायेश किंवा दही आणि संदेश. प्रत्येक पदार्थाबरोबर थोडा भात पुन्हा वाढतात. हे नुसतं सोवळं-ओवळं नाही. शुक्तोची चव दुधाची, आल्याची, सौम्य कडवट असते. शेजारी हिंगाचा झणझणीत रस्सा ओघळून आला की ती मेली. घरची पंगत बाराजणांची असेल तर वाढायला दोन माणसं उभी ठेवावीत, त्यांनी नंतर जेवावं. आणि हे जेवण दुपारचंच. शुक्तो आणि पालेभाजी रात्री वाढायची रीत नाही.

पुढची सगळी मापं बारा माणसांची आहेत. भाताला दीड किलो तांदूळ धरावा. एवढा कशाला, असं वाटेल, पण पाच-सहा वेळा भात घेतला जातो.

शुक्तोची कृती लेखात सर्वांत जास्त बिघडली आहे, म्हणून इथे जरा थांबतो. दीडशे ग्रॅम कारली, दोन कच्ची केळी, दोनशे ग्रॅम रताळं, दोनशे ग्रॅम वांगं, दोनशे ग्रॅम कच्ची पपई, शंभर ग्रॅम घेवडा, शेवग्याच्या दोन शेंगा, आणि पन्नास ग्रॅम बोडी, म्हणजे डाळीचे छोटे सांडगे. सगळ्या भाज्या बोटाएवढ्या लांब, सारख्या जाडीच्या चिराव्यात. चौकोनी फोडी केल्या की तो डालना झाला. बंगालीत भाजीचं नाव मसाल्यावर कमी आणि विळीवर जास्त ठरतं: बारीक चिरून घोटलेला तो घोंटो, लांब चिरून थोडा तळाला लागू दिलेली ती चच्चडी, फोडी आणि दाट रस्सा तो डालना. केळं काळं पडू नये म्हणून मिठाच्या पाण्यात टाकावं. कारल्याला मीठ चोळून पिळण्याची आपली सवय इथे सोडावी. कडूपणा काढून टाकायचा असेल तर शुक्तो करायचंच कशाला?

चार मोठे चमचे मोहरीचं तेल कढईत धूर येईपर्यंत तापवून, त्याचा पिवळा रंग फिका पडला की आच कमी करावी. ही पायरी गाळली तर तेलाचा कच्चा उग्रपणा शेवटपर्यंत राहतो. आधी बोडी तांबूस तळून काढावी, मग कारली वेगळी तळून बाजूला ठेवावीत, मग वांगी. उरलेल्या तेलात दोन तमालपत्रं, एक चमचा पाँचफोरन आणि अर्धा चमचा राँधुनी, म्हणजे ओव्यासारखं दिसणारं मसाल्याचं बारीक बी. पाँचफोरन म्हणजे जिरं, बडीशेप, कलौंजी, मेथी आणि मोहरी. अनेक बंगाली घरांत मोहरीच्या जागी राँधुनीच असते, आणि मेथी इतरांच्या निम्मी घेतली तर बरं, ती करपली की पहिला कडूपणा तिचाच येतो आणि तो कारल्याचा कडूपणा नव्हे. राँधुनी मिळाली नाही तर अजमोदा घ्यावी, ती जवळची आहे. ओवा अजिबात नको. दिसायला सारखा असला तरी शुक्तोला पोटदुखीच्या काढ्याचा वास येतो.

फोडणीवर दोन इंच आल्याचं वाटण, मग कठीण भाज्या आधी, मऊ नंतर, मीठ आणि तीन वाट्या गरम पाणी. झाकण ठेवून शिजवावं. भाज्या अखंड पण मऊ झाल्या की तळलेली कारली, वांगी आणि बोडी घालावी. कारलं सुरुवातीला घातलं तर त्याचा कडूपणा साऱ्या रश्शात उतरतो. नंतर घातलं तर तो त्याच्या फोडीतच राहतो आणि बाकीचा रस्सा दुधाळ, गोडसर लागतो. या पदार्थाची सारी कारागिरी या फरकात आहे. दीड चमचा पिवळी मोहरी आणि एक चमचा खसखस वीस मिनिटं भिजवून, चिमूटभर मीठ घालून वाटावी. मिक्सर सलग फिरवला की वाटण तापतं आणि मोहरी कडवट होते, तेव्हा थांबत थांबत फिरवावा. पाटा-वरवंटा असेल तर उत्तमच. बंगालीत त्याला शील-नोडा म्हणतात आणि जुन्या घरांत तो अजून निवृत्त झालेला नाही. वाटण वाटून ठेवू नये, ठेवलेलं चढतं. ते घालून दोन मिनिटं मंद शिजवावं, आच बंद करावी, रस्सा फुटफुटायचा थांबला की एक वाटी कोमट दूध, दोन चमचे साखर, एक चमचा साजूक तूप, आणि अर्धा चमचा भाजून कुटलेली राँधुनी. उकळत्या रश्शात थंड दूध ओतलं तर फाटतंच, आणि मग लोक दुधाला दोष देतात. हळद नाही, तिखट नाही. रंग पांढरट, किंचित करडा. वाढताना कोमट असावं, वाफाळतं नको.

डाळ सोपी. चारशे ग्रॅम मुगाची बारीक डाळ कोरडीच मंद आचेवर आठ-दहा मिनिटं, बदामी होऊन वास सुटेपर्यंत भाजायची, धुवायची ती भाजल्यानंतर. ओली डाळ भाजायला घेतली तर ती भाजली न जाता कढईला चिकटते. एखादा दाणा काळा झाला तर चालेल, मूठभर झाले तर डाळ कडू. शिजल्यावर तुपात जिरं, सुकी मिरची, तमालपत्र आणि खोबऱ्याचे पातळ काप तांबूस परतून फोडणी, वर किसलेलं आलं आणि चमचाभर साखर. नियमभंगाला याच डाळीत माशाचं तळलेलं डोकं पडतं. पंगतीत मासा न खाणारं कोणी असेल तर त्याआधी डाळ दुसऱ्या पातेल्यात काढून ठेवावी. हे ऐनवेळी हमखास विसरलं जातं.

मोचार घोंटो, म्हणजे केळफुलाची भाजी, ही संयमाची परीक्षा. दोन मध्यम केळफुलं घ्यावीत. हाताला आणि विळीला तेल लावून बसावं, नाहीतर चीक दोन दिवस जात नाही. प्रत्येक पाकळीखालचा फुलांचा फणा काढून, एकेका फुलातली गुलाबी डोक्याची ताठ काडी आणि बुडाचा पारदर्शक पापुद्रा काढून टाकायचा. हे दोन्ही शिजत नाहीत, दाताखाली केरसुणीसारखे येतात. आतला पांढरा, कोवळा कोंब तसाच चिरावा. बारीक चिरून हळद-मिठाच्या पाण्यात रात्रभर, सकाळी ते पाणी फेकून ताज्या पाण्यात शिजवून, पिळून, हाताने जरा कुस्करून घ्यावं. पहिलं पाणी फेकायला आळस केला तर भाजी तुरट होते आणि कितीही साखर घातली तरी लपत नाही. दोन बटाट्यांच्या लहान फोडी तळून, तेल-तुपात जिरं, तमालपत्र, आल्या-जिऱ्याचं वाटण, मग केळफूल, अर्ध्या नारळाचा चव, भिजवून उकडलेले मूठभर काळे हरभरे, थोडी साखर. कोरडं होत आलं की तूप आणि गरम मसाला. हा गरम मसाला फक्त वेलची, लवंग, दालचिनीचा. धणे, दगडफूल, नागकेशर यांतलं काही त्यात नाही. घरातला तयार मसाला घातला की भाजी चांगली होईल, पण बंगालमधली राहणार नाही.

धोका म्हणजे फसवणूक. डाळीच्या वड्या माशा-मांसाच्या तुकड्यांचा आव आणतात, म्हणून म्हणे हे नाव. वऱ्हाड-खानदेशातल्या पाटवडीची ही दूरची बहीण, फक्त इथे बेसन नसून भिजवलेली डाळ असते. चारशे ग्रॅम हरभऱ्याची डाळ सात-आठ तास भिजवून, पूर्ण निथळून, आलं आणि चार-पाच हिरव्या मिरच्यांबरोबर कमीत कमी पाण्यात, अगदी गंध नको पण रव्याइतपत वाटावी. चार चमचे तेलात हिंग, जिरेपूड, हळद, मीठ, साखर आणि हे वाटण. दहा-बारा मिनिटं सतत परतत, कढई सोडून गोळा व्हायला लागला की तेल लावलेल्या थाळ्यात दीड सेंटिमीटर जाड थापावं, कोमट असताना शंकरपाळ्यासारखं कापावं, पण वड्या उचलायच्या त्या पूर्ण गार झाल्यावरच. तळताना फुटतात याची कारणं तीन: गोळा ओला राहिला, डाळ फार भरड राहिली, किंवा गरम असतानाच वड्या उचलल्या. उलट गोळा अति कोरडा केला तर वड्या तळल्यावर खडे होतात आणि रश्शातही मऊ पडत नाहीत. एक वडी आधी तळून बघावी. फुटली तर उरलेलं पुन्हा कढईत टाकून दोन मिनिटं परतता येतं.

रश्शाला हिंग, जिरं, भरपूर आलं, जिरेपूड, हळद, थोडं तिखट, आंबटपणाला तीन-चार चमचे फेटलेलं दही किंवा फार तर एखादा टोमॅटो. टोमॅटोला जुन्या बंगालीत ‘बिलिती बेगुन’ म्हणजे विलायती वांगं म्हणत. त्याला या रश्शात पाहुण्याइतकीच जागा द्यावी. कांदा-लसूण नाही. सव्वा लिटर पाणी घालून रस्सा मुद्दाम पातळच ठेवायचा, कारण धोका पाणी पितो. वाढायच्या दहा मिनिटं आधी वड्या सोडून एक उकळी, तूप, गरम मसाला, आणि पुढे कालथा लावायचा नाही. सकाळी दहाला रश्शात टाकून दुपारी दीडला वाढलेल्या धोक्याचं पिठलं होतं. लेखातल्या छायाचित्रात तेच दिसतंय, असं आम्हाला वाटलं.

मासा करायचा तर निरामिष सगळं उतरल्यावर, वेगळी कढई, वेगळा कालथा. जुन्या घरांत दोन्हींच्या चुलीच वेगळ्या असत. भाताच्या हाताने दुसरं भांडं शिवायचं नाही, त्याला ‘सकडी’ म्हणतात. आपल्या खरकट्याच्या फार जवळचा शब्द. दोन किलो रोहू किंवा कातला, पंधरा मिनिटं मीठ-हळद, आणि धुरावलेल्या तेलात हलका पिवळा तळून. तेल पुरतं तापलं नाही की साल कढईला चिकटते आणि तुकडा उघडा पडतो. फार कडक तळला की रस आत जात नाही. हिलसा असेल तर अख्खा धुवावा, कापल्यावर नाही, चव पाण्याबरोबर वाहून जाते. अनेक घरांत, मुख्यतः पूर्वेकडच्या, विजयादशमीनंतर सरस्वतीपूजेपर्यंत हिलसा आणत नाहीत, आणि पश्चिम बंगालमध्ये 23 सेंटिमीटरपेक्षा लहान हिलसा पकडायला मनाई आहे. बाजारात ‘कोवळा’ म्हणून पुढे केलेला घेऊ नये. त्याला चवही नसते, नुसते काटे.

चटणी आणि पायेश यांत एकच चूक दोनदा होते, म्हणून एकत्र लिहितो. कच्च्या पपईची पारदर्शक चटणी, जिला बंगालीत खुशाल ‘प्लॅस्टिक चटणी’ म्हणतात, तिच्यासाठी सहाशे ग्रॅम पपईचे कागदासारखे काप पाण्यात पूर्ण मऊ शिजवून मगच चारशे ग्रॅम साखर घालावी. साखर आधी घातली तर काप ताठरतात आणि पुढे तासभर उकळूनही मऊ होत नाहीत. लिंबू आणि बेदाणे शेवटी. पायेशाचंही तसंच. अडीच लिटर सायीचं दूध दोन तमालपत्रांबरोबर आटवून पावणेदोन लिटरवर आणावं, सव्वाशे ग्रॅम गोविंदभोग तांदूळ धुऊन, निथळून, चमचाभर तूप चोळून त्यात सोडावा आणि शीत दोन बोटांत दाबून पूर्ण मोडेपर्यंत साखरेला हात लावू नये. मग अडीचशे ग्रॅम साखर. गूळ असेल तर तीनशे ग्रॅम, वेगळा वितळवून, गाळून, पायेश खाली उतरवून दहा-पंधरा मिनिटं निवल्यावरच, नाहीतर दूध नासतं. गोविंदभोग हा बर्धमानकडचा आखूड, सुवासिक आतप तांदूळ, 2017 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. बासमतीने पायेश होत नाही, दुधातला पुलाव होतो. दही आणि संदेश मात्र खुशाल विकत आणावेत, बंगाली घरांतही तेच करतात.

कामाची वाटणी अशी केली तर दुपारी दीडला पान मांडता येतं: आदल्या संध्याकाळी केळफूल सोलून भिजत घालायचं, चटणी करून ठेवायची, हरभरा डाळ भिजवायची ती रात्री झोपताना, तेव्हाच काळे हरभरेही. सकाळी सहाला धोका थापून गार करायला ठेवायचा, मग पायेश, मग केळफूल, दहाला डाळ, अकराला शुक्तो, बाराला धोका तळणं आणि रस्सा, मासा साडेबाराला. भात सर्वांत शेवटी, आणि वांग्याच्या चकत्या तर डाळ वाढायला घेतली की तेव्हाच तळायच्या, तळून ठेवलेल्या लोळागोळा होतात.

पहिलं ताट तिच्यासाठी वाढतात. फोटोसमोर किंवा अंगणात केळीच्या पानावर, पंगतीआधी, प्रत्येक पदार्थ थोडा थोडा, आणि तिला विशेष आवडणारं काही असेल तर ते, मग ते क्रमात बसो वा न बसो: कुणाला विडा, कुणाला मुडी, म्हणजे मुरमुरे, आणि नारळाचा तुकडा. पाण्याचा पेला विसरू नये. या एका पानावर मात्र सगळं एकदम वाढलेलं चालतं. आपल्या लेखातलं ताट तेवढ्यापुरतं बरोबर होतं.

पुढच्या रविवारी पुरवणीत निदान एवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती: शुक्तोच्या साहित्यातून हळद आणि लाल तिखट वगळावं, ‘उकळत्या रश्शात दूध घाला’ऐवजी ‘आच बंद करून, रस्सा स्थिरावल्यावर कोमट दूध घाला’ असं वाचावं, धोकार डालन्यातून कांदा-लसूण काढावा, आणि कारली मीठ लावून पिळू नयेत.

आपले,
कोलकात्यातल्या मराठी-बंगाली घरांतले काही वाचक